चौथ्या चाकाची बातमी

डोळा लागायच्या आधी कुमुदचे हात झोपतात. बत्तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईचं असंच असणार, डोकं आपलं मागाहून येतं. आत्ताही बोटांतली सुई सैल पडली आहे. मांडीवरचा मोरपंखी ब्लाउज घसरत घसरत हँडब्रेकवर गेला आहे. दुपारचे पावणेतीन. कुमुद वेल्हाळ अंगणातल्या करंजाखाली उभ्या असलेल्या गाडीत बसली आहे, चारी काचा खाली करून.

गाडीत का बसता, असं कुणी विचारलं तर ती सांगते, घराचा पत्रा तापतो. पत्रा तापतो हे खोटं नाही. पण घरात दोन खुर्च्या समोरासमोर आहेत, आणि समोरची रिकामी खुर्ची दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत बसते. गाडीचं तसं नाही. गाडीत दोघांनीही पुढंच बघायचं असतं, त्यामुळे शेजारी कुणी नसलं तरी तेवढं अंगावर येत नाही. म्हणून जेवणं झाली की (जेवणं म्हणजे एकटीचं जेवण, पण तोंडात अजून अनेकवचनच येतं) ती हूक-काजाचं काम घेऊन येते, डाव्या सीटवर आपल्या जुन्या जागी बसते, आणि उजवी सीट सोडते.

आज बसायचा शेवटचा दिवस. पाच वाजता शेडगे मास्तर गाडी न्यायला येणार आहेत.

उजव्या सीटवर बसणारा भालचंद्र, कऱ्हाडच्या स्टेशन रोडवरचा ऑटो इलेक्ट्रिशियन भालूमिस्त्री, नऊ महिन्यांपूर्वी एका गुरुवारी भर दुपारी गेला. दुसऱ्याच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून बसलेला होता, तसाच बसून राहिला. त्याच्या बारा दिवस आधी त्यानं स्वतःच्या गाडीचं डावं पुढचं चाक खोललं होतं. चाक घूं घूं वाजत होतं. बेअरिंग गेलं होतं, ते त्यानं बापू टर्नरच्या दुकानातून नवं बसवून आणलं. घूं घूं थांबलं आणि त्याच संध्याकाळी डॅशबोर्डवर ब्रेकचा पिवळा दिवा लागला, एबीएसचा. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाक किती फिरतंय याची बातमी वर कळवत असतो. एका चाकाची बातमी यायची थांबली की तो दिवा लागतो. भालचंद्रनं सेन्सर बदलला. दिवा तसाच. दुसरा आणून बदलला. तसाच. मीटर लावून वायर बघितली, ती चोख. शेवटी त्यानं काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा चौकोन नीट कापला, त्या दिव्यावर चिकटवला आणि म्हणाला, "दिवाच खोटं बोलतोय."

आता हा माणूस जन्मभर गिऱ्हाइकांना बजावत आलेला, की साहेब, दिवा कधी खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस. कुमुदच्या हे ध्यानात आलं होतं. टोमणा तिच्या जिभेवर तयारही होता. रविवारी मारू म्हणून तिनं राखून ठेवला, आणि तो राहूनच गेला.

मागाहून ती गाडी शिकली. मुलगी तृप्ती दिली आहे चिपळूणला, मधे कुंभार्ली घाट. आपल्या हातानं गाडी चालवत लेकीच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच कुमुदच्या मनात होतं. तृप्ती फोनवर म्हणाली, "आई, ब्रेकचा दिवा पेटलेला असताना तू घाट उतरणार? आधी तो विझव. महिन्याभरात नाही विझला तर गाडी विकायची. शब्द दे." कुमुदनं शब्द दिला. एका गॅरेजवाल्यानं तिसरा सेन्सर घालून दिला. दुसरा म्हणाला, सगळं एबीएसचं युनिटच बदला. दिवा काही विझला नाही. आज महिना भरतो. तिनं मास्तरांना टेप काढून दिवा दाखवला, झाकून काही विकायचं नाही म्हणून, आणि दाखवून झाल्यावर टेप पुन्हा होती तशी लावली. भालचंद्रनं कापलेली होती ती.

करंजाची सावली बॉनेटवरून खाली उतरते. सुईत दोरा ओवायचा राहिला आहे. चष्मा घरात, मशीनवर. आता कोण उठतं.

दार वाजत नाही, पण उजवी सीट दबते.

"ब्लाउज उचल तो," भालचंद्र म्हणतो. "हँडब्रेकला ऑइल आहे. गिऱ्हाईक तुझ्या नावानं शंख करील."

कुमुद ब्लाउज उचलते. दचकत नाही. दचकलं तर तो जाईल, एवढं तिला झोपेतसुद्धा कळतं. तोच खाकी शर्ट, खिशात तोच टेस्टर, नखांत तोच काळा मळ. मेलेल्या माणसाला कसे आहात असं विचारता येत नाही, आणि इतक्या दिवसांत कुठं होतात हे तर मुळीच नाही. म्हणून ती विचारते, "चहा टाकू?"

"नको. गाडी कुणी लावली ही अशी?"

"मी."

"तू?"

"का? मार्केट यार्डच्या मैदानात शिकले. रविवारी बंद असतं. मी आणि चार कुत्री."

"आणि क्लच कुणी शिकवला? कुत्र्यांनी?"

"पायमशीन बत्तीस वर्षं चालवलीय मी. अर्धा पाय दाबून कसा धरायचा हे मला तुम्ही नका सांगू."

"हं," भालचंद्र म्हणतो. त्याच्या मुखातून यापेक्षा मोठी शाबासकी कधी कुणाला मिळालेली नाही. तिच्या हातच्या पुरणपोळीलाही हंच मिळायचं.

तो किल्ली लावत नाही, तरी गाडी निघते. करंज मागं राहतो, फाटक उघडायचं राहूनच जातं, आणि रस्ता लागतो तो अस्तराच्या कापडाचा, पांढरा, मऊ, मधोमध सरळ टीप मारलेला. गाडी त्या टिपेवरून धावते आहे. दुतर्फा झाडं आहेत की गिऱ्हाइकांचे ब्लाउज टांगलेत, ते नीट दिसत नाही.

"मास्तर पाचला येणार आहेत," कुमुद म्हणते. "गाडी न्यायला."

"माहितेय."

"मला द्यायची नाहीये."

"मग देऊ नको."

"शब्द दिलाय तृप्तीला. दिवा विझवा तुम्ही. तुमचा आहे तो."

भालचंद्र गाडी थांबवतो, नखानं टेपचा कोपरा उचलतो आणि चौकोन अलगद काढतो. खाली दिवा नाही. मग गाडी पुन्हा निघते, चाकं चार-दोन वेळा फिरतात आणि तो लागतो, पिवळा, लहानसा, देवघरातल्या दिव्यासारखा शांत.

"बघ," तो म्हणतो. "उभी असताना गप्प. चाक फिरलं की लागतो. यावरून काय?"

"यावरून वायर शाबूत आहे," कुमुद म्हणते. शाळेत असल्यासारखी पाठ सरळ करून बसली आहे. "वायर तुटली असती तर उभ्या उभ्याच लागला असता. तीन चाकं सांगतायत, फिरतोय, फिरतोय, फिरतोय. चौथं काहीच बोलत नाही."

"सेन्सर?"

"तीन बदलले. दोन तुम्ही, एक त्या गॅरेजवाल्यानं. तीन तीन माणसं बहिरी कशी निघतील? ऐकणारा बहिरा नसेल, तर…"

ती थांबते. भालचंद्र काचेबाहेर बघतो आहे. त्याची चूक निघायची वेळ आली की तो असाच बाहेर बघतो. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी अंगठी सापडेना, तेव्हाही तो असाच मांडवाच्या झालरीकडे बघत होता.

आता ते बापू टर्नरच्या लेथच्या दुकानात उभे आहेत. गाडीतून उतरल्याचं काही आठवत नाही. दुकानात बापू नाही, कुणीच नाही. लोखंडाचा तो उंच प्रेस आहे, बेअरिंग दाबून बसवायचा, आणि तो एकटाच वर-खाली, वर-खाली होतो आहे. त्याचा आवाज तिच्या शिलाई मशीनचा आहे. भिंतीवर पाने-पकडींच्या जागी कैच्या टांगल्या आहेत, आणि घड्याळात पाचच्या जागी मास्तरांचं तोंड आहे.

"इथंच ना बसवून आणलंत बेअरिंग?"

"इथंच."

"उभे होतात?"

"होतो की."

"बघत होतात?"



"चहा आला होता," भालचंद्र म्हणतो.

 बत्तीस वर्षांच्या संसारात पुरुषाला उत्तर न देता बोलतं करायची जी एक कला बाई शिकते, ती कुमुद पणाला लावते.

"कप घ्यायला वळलो," तो म्हणतो. "तेवढ्यात बापूनं दाबलं. म्हातारा चाळीस वर्षं दाबतोय. पूर्वीच्या गाड्यांच्या बेअरिंगला बाजू नसायची, कसंही घाला. मी म्हटलं, बसलं."

"आणि आताच्या गाड्यांच्या बेअरिंगला असते?"

तो खिशातून काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवतो. जड, गार, कंगव्याच्या तेलासारखा वास असलेलं, चाकातून काढलेलं जुनं बेअरिंग. पाटलीएवढं. कुमुद ते उलटं-सुलटं करून बघते. एका बाजूला चकचकीत पत्रा. दुसऱ्या बाजूला तपकिरी, रबरासारखी कड. हे तिनं पाहिलं आहे. डिकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जॅकशेजारी पडलं आहे हे नऊ महिने. भंगारवाला मागत होता, तिनं दिलं नाही. का दिलं नाही ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि आता ती तिच्या शिवणाच्या खोलीत आहे. मशीन आहे, पण मशीनच्या चाकाच्या जागी गाडीचं चाक आहे, टायरसकट, आणि त्याला ओली माती लागलेली आहे. तिला पहिल्यांदा फरशीचीच काळजी वाटते. भालचंद्र गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला आहे, गुडघे जुळवून, माप द्यायला आल्यासारखा.

"तुझा टाका सुटायला लागला तर तू काय करतेस?" तो विचारतो.

"सुई बदलते."

"तरी सुटला?"

"दोरा बदलते."

"तरी?"

"मग…" कुमुद मशीनखाली हात घालते. सवयीनं, न बघता. बोटांना खालच्या दोऱ्याची बॉबिन लागायला हवी, तिथं ते बेअरिंग लागतं, गार. ती ते बाहेर काढते, बघते, आणि तिला हसू येतं. आधी नुसतं पोटात, मग चांगलं मोठ्यानं. "अहो. बॉबिन उलटी घातलीय!"

भालचंद्र झालरीकडे बघतो. शिवणाच्या खोलीत झालर नाही, पण त्याच्यासाठी ती आलेली आहे.

"ही तपकिरी कड म्हणजेच ते चाकाचं तोंड ना? यातनंच सेन्सरला बातमी कळते ना? आणि तुम्ही तोंड भिंतीकडे करून बसवलंत त्याला. बिचारा सेन्सर ऐकतोय, ऐकतोय, आणि हे तिकडं पाठ करून बोलतंय. त्यात तीन सेन्सर बदलले! जन्मभर मला म्हणालात, कुमुद, आधी बघ, मग उसव!"

"चुंबक असतं त्या कडेत," तो हळू म्हणतो. "डोळ्यांना दिसत नाही. सुई धरली तर ओढते."

"कधी कळलं तुम्हाला?"

"बुधवारी."

बुधवारी. म्हणजे आदल्या दिवशी. कुमुदचं हसू हळूहळू उतरतं, मशीन थांबताना चाक फिरून फिरून थांबतं तसं.

"सांगायचं नाही का?"

"रविवारी काढणार होतो गुपचूप. तुला सांगितलं असतं तर तू मरेस्तोवर वाजवलं असतंस."

"वाजवलंच असतं!" कुमुद म्हणते. "रोज वाजवलं असतं. चहा देताना वाजवलं असतं, पाहुण्यांसमोर वाजवलं असतं. वाजवायला समोर माणूस लागतं हो. आता मी कुणाला वाजवू? त्या खुर्चीला?"

  भालचंद्र उठतो, मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीकडे जातो आणि तिच्यावरून बोट फिरवतो. उशी रिकामी आहे.

त्याची ही एक रीत होती. कुमुदला चाळिशी लागली तेव्हापासून तो सकाळी गॅरेजला जायच्या आधी तिच्या दहा सुया ओवून उशीला टोचून जायचा. बारीक वायरी ओढून त्याचे डोळे तयार झालेले. दहा सुया, दहा रंग, तिचं दिवसाचं काम बघून. आणि गाठ कधी मारायचा नाही. दोऱ्याची दोन्ही टोकं एकत्र धरून वायरीसारखा पीळ द्यायचा, चिमटीत, उजवीकडे तीन वेढे. ती रोज कटकट करायची, हा काय जोड आहे, ही काय बॅटरी आहे? आणि पीळ सोडून आपली गाठ मारायची. त्या गुरुवारीही दहा होत्या. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं, काम कुणाला थांबलं आहे, ती पुन्हा शिवायला बसली. आणि त्यातली शेवटची सुई कुठल्या ब्लाउजला वापरली गेली हे तिला कळलंसुद्धा नाही. कुणीतरी बाई कऱ्हाडात तो ब्लाउज घालून हिंडत असेल.

"सगळ्या संपवल्यास," भालचंद्र म्हणतो.

"हो."

"बरं केलंस."

घाट लागला आहे. कुमुद उजव्या सीटवर आहे, स्टीअरिंग तिच्या हातात, आणि तो डावीकडे, तिच्या जागी. ही अदलाबदल कधी झाली? दरी खाली आहे आणि दरीत धुकं नाही, कापूस आहे. पुढच्या वळणावर पाटी आहे, तिच्यावर गावाचं नाव नाही, नुसतं छातीचं आणि खांद्याचं माप लिहिलं आहे. ती दुसऱ्या गिअरवर येते. पाय अर्धा दाबते. गाडी वळण घेते, अलगद, बाहीच्या मुंढ्याच्या गोलाईवरून टीप जावी तशी.

"हं," तो म्हणतो.

"तुम्ही येता का चिपळूणपर्यंत?"

"सुई दे इकडं."

"घाटात?"

"तू चालव ना. तू काय घाटात ओवणार आहेस? पुढं बघ."

ती पुढं बघते. डोळ्याच्या कोपऱ्यात तिला एवढंच दिसतं, की तो सुई उजेडाकडे धरतो, दोरा ओठांत ओला करतो, आणि एका झटक्यात ओवतो.

"गाठ मारा हो आज तरी," ती म्हणते. "पीळ नको. पीळ सुटतो."

"माझा पीळ आजवर सुटलाय कधी?"

"तुमचं बेअरिंगसुद्धा कधी उलटं बसलं नव्हतं."

तो हसतो. हे ती ऐकते. नऊ महिन्यांनी ऐकते, दोन दातांतल्या फटीतनं हवा गेल्यासारखं ते हसणं. वळून बघायचा तिला फार मोह होतो.

"पुढं बघ, कुमुद," तो म्हणतो. "मागनं कोणीतरी हॉर्न देतंय."

कोणीतरी खरंच हॉर्न देतं आहे. बारका, चिरका, स्कूटरचा. घाटात स्कूटरवरून कोण येतंय म्हणून ती आरशात बघते, आणि आरशात फाटक आहे, फाटकात शेडगे मास्तर आहेत.

"वहिनी! झोप मोडली का?"

करंज. बॉनेटवर दोन-चार वाळकी पानं. पाचला दहा कमी. कुमुद डाव्या सीटवर आहे, मान अवघडलेली, ब्लाउज मांडीवर नीट घडी करून ठेवलेला. उजवी सीट रिकामी आहे. ती हात लावून बघते. तापलेली आहे, पण उन्हानंही तापते.

मग बोटांना काहीतरी टोचतं.

सुई ओवलेली आहे. मोरपंखी दोरा, दुहेरी, हातभर. ती तो डोळ्यांपासून लांब धरते, आणखी लांब, जेमतेम दिसेल इतका. चष्मा घरात मशीनवर आहे. टोकाला गाठ नाही. दोन्ही टोकं एकत्र धरून पीळ दिलेला आहे, चिमटीत, उजवीकडे. ती नखानं वेढे मोजते. तीन.

मास्तर हेल्मेट काखेत घेऊन येतात तोवर ती डिकीपाशी उभी आहे. जॅकशेजारची पिशवी तिनं सोडली आहे, जुनं बेअरिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आहे, चकचकीत बाजू वर. दोरा धरून ती सुई त्यावर सोडते. सुई सरळ लोंबकळते, जरा हलते, जरा थांबते. काही नाही. कुमुद बेअरिंग उलटं करते. तपकिरी कड वर. पुन्हा सोडते.

सुई तिरकी होते आणि टक् करून कडेला चिकटते.

"हे काय चाललंय?" मास्तर विचारतात.

"मास्तर, गाडी काही देता येत नाही. माफ करा. डाव्या चाकाचं बेअरिंग उलटं बसलंय, तेवढंच आहे. नवं घालून घेते. बापू टर्नर आठपर्यंत उघडा असतो, आणि माझा महिना आज रात्री बारापर्यंत आहे."

"उलटं बसलंय? कोण म्हणालं?"

"ज्यानं बसवलं तोच," कुमुद म्हणते. "आता आलाच आहात तर जॅक घ्या तेवढा. आणि बापूच्या दुकानात चला माझ्याबरोबर. तिथं चहा आला तर तुम्ही घ्या, मी नाही घेणार."

मास्तर जॅक उचलतात. कुमुद सुई बेअरिंगवरून सोडवते. सवयीनं तिची बोटं टोकाकडे जातात, पीळ सोडून गाठ मारायला. जातात आणि थांबतात. मग ती सुई पदराला, खांद्याजवळ टोचून ठेवते, आणि चाकापुढे उकिडवी बसते.